तळाचं कार्ड

बुधवार, २० तारीख
सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि भावजी बरे असाल असं धरून चालतो. इकडे मी ठीक. हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. तिन्हींत हवापाण्याच्याच गप्पा फार झाल्या होत्या.

एकोणीस वर्षांनी याला आज कसा कंठ फुटला, असं म्हणशील. म्हण. तू नदीपलीकडच्या माणसाशी लग्न केलंस, बाबांनी तुझं नाव टाकलं, आणि मी तुम्हा दोघांनाही सांगितलं, ‘मला यात ओढू नका.’ बाबा मला तराजू म्हणायचे आणि मला ते कौतुक वाटायचं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. भांडणात मी कुणाची बाजू घेतली नाही हे खरं. पण तुला सोडून दिलं, हेही तितकंच खरं.

आता नोकरीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुमचा देश आणि पूर्वेकडचा देश लढायला लागले तेव्हा आमच्या सरकारने तटस्थ म्हणून पत्रांचा एक विभाग उघडला. पूर्वेच्या छावणीतल्या तुमच्या कैद्यांची कार्डं आमच्याकडे येतात, तुमच्याकडच्या त्यांच्या कैद्यांचीही येतात. आम्ही ती वाचतो, लष्करी मजकूर नाही असा शिक्का मारतो आणि दर शुक्रवारी दोन्हीकडे एकेक पोतं रवाना करतो. पोत्यात चारशेच कार्डं. उरलेली पुढच्या शुक्रवारी. मी तिथला मुख्य कारकून.

ओळखीच्या नावाचं कार्ड आलं तर ते न वाचता गठ्ठ्याच्या तळाला, हा नियम मी स्वतःच स्वतःला घातला होता. वशिला केला म्हणून कुणी बोट दाखवायला नको. शिक्केवाल्या बाई चिडवायच्या, “आणि घरचंच कार्ड आलं तर हो?” मी ऐटीत म्हणायचो, “तळाला!”

चार तारखेला, सोमवारी, तुझ्या नावाचं कार्ड आलं.

ताई, तुझा मुलगा जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. मी असाच, आधी पाल्हाळ लावतो.

पत्त्याच्या बाजूला पाठवणारा ‘मुलगा’ आणि पूर्वेची छावणी असं लिहिलं होतं. तो कैदेत आहे हे मला तेव्हाच कळलं. आणि मी ते कार्ड तळाला ठेवलं. त्या शुक्रवारी चारशे भरले, ते मागे राहिलं. पुढच्या शुक्रवारी वरून हुकूम आला: दोन्ही देश दबाव आणताहेत, तेव्हा आता कुणाशीच संबंध नको. पत्रं बंद, औषधांच्या गाड्या बंद. पूर्वेच्या सीमेवरचा पूल फक्त सुटलेल्या जखमींसाठी, तोही महिनाअखेरपर्यंत. आमचे साहेब खूश. म्हणाले, “चला, आता आपल्याला कुणी नावं ठेवणार नाही. खरे तटस्थ आज झालो.”

बाईंनी शिक्का खाली ठेवला. “तटस्थ माणूस दोन्ही घरी जातो-येतो, साहेब. हे तर आतून कडी लावून बसणं झालं.”

साहेब उठून गेले. मी उरलेल्या कार्डांची यादी करायला बसलो, ती करता करता तळाशी पोचलो, आणि वाचलं. ‘आई, हाताची जखम चिघळली आहे. इथे औषध नाही. तटस्थ देशातल्या नातेवाईकाने हमी दिली तर जखमींना सोडतात. मामाला विचारशील का? तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो असं तू म्हणतेस, तरी विचार.’

ज्याला विचारायचं, त्याच्याच टेबलावर ते कार्ड अकरा दिवस पडून होतं.

मी हमीचा कागद काढला. साहेब म्हणाले, “सरकार संबंध तोडतंय आणि तू छावणीला लिहून देतोस? सही केलीस तर सोमवारी येऊ नकोस.” केली. सोमवारी गेलो नाही. मोठेपणा सांगत नाही. हे मला चार तारखेलाच करता आलं असतं.

दोन्ही देशांत ये-जा असलेले मदतपथकाचे डॉक्टर शनिवारी तो कागद घेऊन गेले आणि परवा संध्याकाळी परतले. सुटका मंजूर झाली.

इथवर लिहून उठलो. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. पाणी प्यायलो. आता लिहितोच.

त्याचा उजवा हात मनगटापासून काढला. डॉक्टरांनी शनिवारीच, छावणीतच. तो सावध आहे, ताप उतरलाय, पेज घेतो. मी विचारलं, “आठवडाभर आधी बाहेर आला असता तर?” डॉक्टर बूट काढत होते. वर न बघता म्हणाले, “हात राहिला असता.” का विचारतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तुला सांगतोय.

मला वाटायचं, लांब राहिलं की आपल्या हातून कुणाचं वाईट होत नाही. ताई, झालं. तुझ्या लेकराचंच झालं. मला फार लाज वाटते.

परवा, शुक्रवारी, मी पुलावर त्याला घ्यायला जाणार आहे. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही. त्या अकरा दिवसांचं मी त्याला तिथेच सांगणार आहे, घरी नेण्याआधी. माझ्याकडे यायचं नाही म्हणाला, तर बाईंनी त्यांच्या घरची एक खोली रिकामी केली आहे. औषधपाणी मीच बघेन.

डॉक्टर आज दुपारी तुमच्याकडे निघतात, हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. मंगळवारी ते परत येतील. त्यांच्याबरोबर काहीतरी लिहून पाठव. शिव्या घाल, पण कोरा कागद पाठवू नकोस.

त्याचा मामा.
तुझा भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.