नवा हॉल आणि थंडोबा

सोमवार, ४ मार्च

मिळाला! नवा हॉल मलाच मिळाला!! साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं — "नेटवर्क या बघतील." मी तोंड गंभीर ठेवलं. मग जिन्यात जाऊन एकटीनंच दोन उड्या मारल्या. वय चोपन्न, गुडघे त्याहून जुने. कुणी पाहिलं नाही — बहुतेक.

हॉल बघून आले. पांढराशुभ्र, जमीन इतकी लख्ख की चपला बाहेर काढाव्यात असं वाटलं. रॅकच्या ओळी उभ्या आहेत, सर्व्हर चढवणं चालू आहे. एका हॉस्पिटलचा सगळा डेटा इथं येणार — रिपोर्ट, एक्स-रे, कुणाला कुठलं औषध चालत नाही त्याच्या नोंदी. तेवीस तारखेला, शनिवारी. त्या दिवशी नर्सनं नाव टाकलं आणि रिपोर्ट उघडला नाही तर सगळे माझ्याकडे बघणार. खरं तर पोटात गोळा यायला हवा. येताहेत गुदगुल्या!

काम म्हटलं तर साधं. प्रत्येक सर्व्हरला दोन केबल, दोन वेगळ्या स्विचमधून, म्हणजे डेटा इकडून तिकडे वाटणाऱ्या पेट्यांमधून. एक स्विच बंद पडला तरी दुसऱ्यावरून गाडी चालू.

घरी आईंना सांगितलं. सासूबाई आयुष्यभर शाळेत खेळाच्या शिक्षिका — शाबासकीसुद्धा शिट्टी फुंकल्यासारखी देतात. "कंबरेतून वाक, पाठीतून नको." झालं कौतुक! नवरा असता तर म्हणाला असता, आई, जरा नीट बोल की. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. सासू-सून दोघीच या घरात, आणि अजून एकमेकींची डोकी शाबूत!

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर रॅकच्या पाठीमागे. मान आखडली, नखं तुटली, प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल. काय मजा आली!!

गुरुवार, ७ मार्च

भांडण! एसीचं खातं बघणारे गृहस्थ — सगळे त्यांना थंडोबा म्हणतात, अगदी तोंडावर — आज हॉलमध्ये आले, माझ्या केबलच्या गुंडाळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझी हवा कोंडलीत."

मी म्हटलं, "तुमची हवा? हॉल माझा आहे."

"हॉल तुमचा. हवा माझी."

मग त्यांनी खिशातून कागदाच्या फिती काढल्या. रॅकच्या मागे जिथून गरम हवा बाहेर पडते तिथं एकेक चिकटवत गेले. सगळीकडे फिती फडफडत होत्या. माझ्या गुंडाळीच्या मागची मात्र ढिम्म. "बघा," म्हणाले, "मेली." चेहरा असा की घरातलंच कुणी गेलंय.

राग आला. मग हसू आलं. मग दुपारभर बसून सगळ्या गुंडाळ्या सोडल्या आणि केबल दोन्ही बाजूंनी खाली उतरवल्या. संध्याकाळी ते पुन्हा आले, फितीकडे बघत उभे राहिले. "नाचतेय," म्हणाले. एवढंच.

फितीबद्दल म्हणत होते. अर्थातच फितीबद्दल.

शनिवार, ९ मार्च

आई म्हणाल्या, "भांडी घासताना गुणगुणत होतीस."

मी म्हटलं, "छे!"

"बेसूर होतं. पण होतं."

सोमवार, ११ मार्च

आज सेटिंग. कोणत्या केबलवरून कोणत्या नेटवर्कची वाहतूक जायची त्याचे आकडे स्विचमध्ये घालायचे. सव्वीस वर्षं करतेय, हात आपोआप चालतात. तेवढ्यात काचेच्या पलीकडून थंडोबा गेले, हात वर केला. मी हात वर केला. आणि दुसऱ्या हातानं आकडा चुकीचा दाबला!

पाचच मिनिटांत सर्व्हरवाली धावत आली. सर्व्हरच्या बाजूची सगळी सेटिंग तिच्याकडे. माझ्या लेकीच्या वयाची, आणि बोलायला लागली की टेप थांबत नाही. "ताई! माझी अख्खी रॅक कुणाच्या घरी पाठवलीत? एकही सर्व्हर ओ देत नाही!"

दुरुस्त केलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही चुकलात? तुम्ही?? बरं वाटत नाही का?"

फार बरं वाटतंय, बाई. तेच तर दुखणं!

मंगळवार, १२ मार्च

त्यांनी लग्न केलेलं नाही. मी विचारलं नव्हतं, सर्व्हरवालीनं विचारलं. (देव तिचं भलं करो.) "राहून गेलं," म्हणाले — जसं दुकानातून येताना काडेपेटी आणायची राहून जावी!

गुरुवार, १४ मार्च

लिहिताना अक्षर वाकडं येतंय. हसून.

डबा खायला आज गच्चीवर गेलो, मी आणि ते. तिथं त्यांची मोठी यंत्रं आहेत, त्यांच्यावर माणसाएवढे पंखे. असा घोंघावतो आवाज की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. मला म्हणाले, खाली सगळे कान लावून बसतात, इथं निवांत आहे. निवांत!

अर्धा डबा झाल्यावर काहीतरी बोलले. मी ओरडले, "काय?"

पुन्हा बोलले. मला ऐकू आलं — "भजन कराल का?" मी म्हटलं, "मला गाता येत नाही!"

त्यांनी डोक्याला हात लावला. उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जीव एकवटून ओरडले — आणि नेमके त्याच क्षणी सगळे पंखे थांबले! हवा पुरेशी गार झाली की ते आपोआप थांबतात. तशी व्यवस्था कुणी केली? थंडोबांनीच!

"माझ्याशी लग्न कराल का!!"

पूर्ण गच्चीभर. कठड्याला रंग लावणारे दोघं होते, त्यांचे ब्रश हवेतच राहिले. एक म्हणाला, "मी?"

मी म्हटलं, "मला खाली टेस्ट आहे." आणि पळाले. डबा तिथंच! टेस्ट नव्हतीच.

शुक्रवार, १५ मार्च

डबा टेबलावर आला होता. धुऊन, पुसून. वर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. थंडगार मात्र होता — एसीसमोर ठेवला असणार!

शनिवार, १६ मार्च

आज त्यांना सगळं सांगितलं, कॅन्टीनच्या मागच्या बाकावर. म्हटलं, मला आवडेल. फार आवडेल. पण घरी आई आहेत. एकोणऐंशी वर्षांच्या. मुलगा गेला तेव्हा त्यांनी मला एका शब्दानं परकं केलं नाही. त्यांना एकटं सोडून मी कशी येऊ? की त्यांच्या मुलाच्या घरात दुसरा माणूस आणून बसवू? कुठल्या तोंडानं?

ते म्हणाले, "घाई नाही. थांबतो. माझं कामच ते — काही तापू न देणं."

मग म्हणाले, "पण त्यांना विचारलंत का?"

नाही विचारलं. लेकीला विचारणंसुद्धा सोपं आहे. ती लांब राहते, फोनवर किंचाळेल आणि मग हसेल. पण आई! आईंकडे नजर वर करून बघवत नाही दोन दिवस.

सोमवार, १८ मार्च

घोळ! आज तालीम होती. हॉस्पिटलचे तंत्रज्ञ बघायला आलेले. मी पहिला स्विच बंद केला — सगळं सुरळीत! टाळ्या. पुन्हा चालू केला — आणि दोन रॅकमधल्या सर्व्हरना मारलेल्या निम्म्या हाका पोचेनाशा झाल्या. एक उत्तर येतंय, एक हरवतंय. स्विच बंद केला की पुन्हा छान! असं उलटं दुखणं जन्मात पाहिलं नव्हतं. दोन्ही केबल धडधाकट असल्या की गोंधळ, आणि एक तोडली की शांतता!

सर्व्हरवाली म्हणे, नेटवर्कचा दोष. मी म्हटलं, सर्व्हरचा. ती म्हणे, ताई तुम्ही हल्ली हवेत असता. मी म्हटलं, हवेत असले तरी सेटिंग जमिनीवर बसून केलीय! हॉस्पिटलचे लोक चुळबुळत होते. त्यांचे साहेब जाताना म्हणाले, "शनिवारी आमच्या आयसीयूत असं व्हायला नको." तेवढं ऐकून मात्र सगळ्या गुदगुल्या थांबल्या.

मंगळवार, १९ मार्च

सापडलं!!! त्या दोन रॅकमध्ये सर्व्हरवालीनं एक केबल कामाला आणि दुसरी राखीव ठेवली होती — हॉस्पिटलच्या जुन्या खोलीत तसंच होतं म्हणे. मी स्विचला सांगितलेलं, दोन्ही केबल एकच समज, कुठूनही पाठव. म्हणजे स्विच निम्मी उत्तरं राखीव केबलवर टाकणार आणि सर्व्हर ती उचलणारच नाही! दोघीही बरोबर. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही, एवढंच.

तिनं तिच्या बाजूनं दोन्ही केबल कामाला लावल्या. पहिला स्विच बंद, चालू. दुसरा बंद, चालू. एक हाक हरवली नाही! तिनं मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, दोघी खाली बसलो आणि हसत सुटलो.

घरी येताना बसमध्ये वाटलं — विचारून टाकावं.

बुधवार, २० मार्च

विचारलं. आई मॅच बघत होत्या. मी म्हटलं, आई, एक माणूस आहे. एसी बघतो. मला लग्नाचं विचारलंय.

त्यांनी टीव्ही बंद केला. मॅच चालू असताना! आजवर असं झालेलं नाही.

"चांगला आहे?"

"हो."

"तुला हवाय?"

मी मान हलवली.

"बरं," म्हणाल्या. उठल्या, खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

गुरुवार, २१ मार्च

आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलताहेत. संध्याकाळी बंद दाराआड फोनवर बराच वेळ. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून एरवी अख्ख्या मजल्याला कळेल असं बोलतात, आज कुजबुज! एकच वाक्य कानावर आलं — "आता काय, ठरल्यातच जमा आहे."

काय केलं मी हे? त्यांचं आहे कोण माझ्याशिवाय? शनिवारचं काम झालं की थंडोबांना नाही म्हणून सांगणार. सुखाचं काय, इतकी वर्षं नव्हतंच, तसं पुढेही चालेल.

शनिवार, २३ मार्च

झालं! आलं सगळं! सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलमधून फोन — एका नर्सनं पहिलं नाव टाकलं आणि रिपोर्ट उघडला. मग दुसरं. मग रांगच. मी स्पीकर चालू ठेवला होता, पलीकडून "आलं, आलं" असं ऐकू येत होतं. सर्व्हरवाली रडली. साहेबांनी पेढे वाटल्यासारखी चॉकलेटं वाटली. आणि थंडोबा माझ्या रॅकच्या मागे उभे राहून त्या फितीकडे बघत होते.

मी नाही म्हणायला गेले होते. ते वळले, इतके खूश! म्हणाले, "तुमचा हॉल काय देखणा झालाय, मॅडम."

नाही सांगवलं. उद्या सांगते.

रविवार, २४ मार्च

सकाळी उठले तर हॉलमध्ये, म्हणजे आमच्या घरच्या, आईंच्या दोन बॅगा भरलेल्या. म्हटलं, आई, नका जाऊ, मी त्यांना नाही म्हणते, आजच म्हणते.

आई भडकल्या. "खबरदार नाही म्हणालीस तर!"

त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीचं घर आहे ना, मैदानाला लागून — तिनं खालची खोली यांच्यासाठी कधीपासून रिकामी ठेवलीय. दोघींनी मिळून पोरींना खो-खो शिकवायचं ठरवलंय. दर वर्षी ती विचारते, दर वर्षी या म्हणतात, पुढच्या वर्षी. बुधवारपासून दाराआड बॅगा भरणं आणि तिलाच फोन चालू होता!

"तुला एकटी टाकून कशी जाणार होते गं?" म्हणाल्या. "कोणी भेटेना तुला. किती वाट बघायला लावलीस!"