शुक्रवारचं कांद्याचं सूप

ती. रोझेलाताईस,

अंगणातला बर्फ अजून स्वतःच्या हातानं उपसणाऱ्या धाकट्या आल्विनाचा नमस्कार. इकडे विस्कॉन्सिनला सगळे बरे आहेत. म्हणजे मी बरी आहे, कारण या घरात सगळे म्हणजे आता मीच. तुझे गुडघे ॲरिझोनाच्या उन्हात कसे आहेत? (कुरकुरत असले तरी कळवू नकोस. ऊन गुडघ्यांना चांगलं, हेच तर मला तिकडे बोलावण्याचं पहिलं कारण तू दिलं होतंस.) घर विकून तुझ्याकडे यावं, एकटीनं मला झेपायचं नाही, हे तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा रागानं वाचलं. उत्तर देतेच, पण आधी गेल्या शुक्रवारची हकिकत ऐक, म्हणजे मला काय झेपतं ते तुझं तुलाच कळेल.

नॉर्बर्ट गेल्यापासून चर्चमधल्या बायका माझ्याशी फार गोड वागतात. इतक्या गोड, की जीव नकोसा होतो. ईस्टरआधीच्या उपासांत दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चखालच्या हॉलमध्ये गावानं जमून साधं सूप प्यायचं, आणि बायांनी ते आपापल्या विजेच्या, मंद आचेच्या स्लो कुकरमधून भरून आणायचं, हे तुला मी काय सांगणार! लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझा कुकर त्या टेबलावर असायचा. यंदा अर्मेला श्मित्झनं कामं वाटली (ती कामं वाटते, करते कधी ते कोणी पाहिलेलं नाही), आणि माझ्या वाट्याला काय यावं? कागदी रुमाल. वर माझा दंड थोपटून म्हणते, तू दमू नकोस गं. ताई, नवरा गेला म्हणून बाईचे हात गळून पडत नाहीत. मला असा संताप आला, की गुड फ्रायडेच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी सूप मी आणणार, आणि तेही कांद्याचं फ्रेंच सूप, असं मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. नॉर्बर्टला ते आवडायचं. थंडीभर दर शनिवारी मी त्याच्यासाठी करायची, शेगडीवर, कढईत कांदा परतून. अर्मेला म्हणाली, स्लो कुकरमध्ये कांदा लाल होत नाही, नुसता मऊ पडतो. मग तर मला तो स्लो कुकरमध्येच लाल करायचा होता.

गुरुवारी अख्खी गोणी चिरायला घेतली. शेजारचा ओर्व्हिल काही तरी मागायला आला, माझं तोंड बघून सांत्वनाला लागणार तेवढ्यात मी सुरीनं कांदा दाखवला, तसा हसत परत गेला. खरं सांगते ताई, नॉर्बर्ट गेल्यापासून इतकं निवांत रडायला मिळालंच नव्हतं. कोणी पाठ थोपटत नाही, कोणी खायला घेऊन येत नाही. फार बरं वाटलं. मग तो डोंगर कुकरमध्ये कोंबला, झाकण लावलं आणि झोपले. सकाळी उघडते तर काय, कांदा पांढराफटक, स्वतःच्याच पाण्यात डुंबत पडलेला. अर्मेलाचं म्हणणं अगदी खरं ठरलं होतं, आणि तेच मला सोसेना. कढई समोर टांगलेली होती. तिच्याकडे पाठ फिरवली. पाणी काढून बाजूला ठेवलं, लोणी वाढवलं, चिमूटभर साखर टाकली, झाकणाखाली लाकडी चमचा आडवा घालून वाफेला वाट करून दिली आणि खुर्ची ओढून कुकरसमोर ठाण मांडून बसले. दुपारपर्यंत कांदा मेपलच्या पाकासारखा झाला. मग त्यात रस्सा ओतला, बाजूला काढलेलं पाणीही ओतलं. घरभर असा वास सुटला, की मी दोनदा उगीचच दाराकडे बघितलं.

हॉलमध्ये पुढचा प्रसंग. पावावर चीज वितळवायचं तर तिथल्या ओव्हनची वरची आच कधीच बंद पडलेली. मी नॉर्बर्टची पाइप जोडायची, ज्योत फेकणारी गॅसची बत्ती नेली होती. (मी काही तयारी न करता जाणारी बाई नव्हे.) मात्र वाट्या कागदी असतात हे ध्यानात राहिलं नाही. पहिलीच वाटी पेटली. अर्मेलानं तीवर लिंबाचं सरबत ओतलं, आणि रुमालांचं काम किती सोपं होतं अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी बत्ती खाली ठेवली नाही. पाव पत्र्यावर मांडले, चीज तिथेच वितळवलं आणि एकेक पाव वाटीत सोडला. रांग दारापर्यंत गेली. मसूर आणि बटाट्याचे कुकर भरलेले तसेच राहिले. फादर कॅसिमिर तिसरी वाटी घेऊन बसले, हनुवटीवर चीजची तार, आणि असं सूप आपण या गावात चाखलं नव्हतं म्हणाले.

तेव्हा अर्मेलानं विचारलं, अगदी सहज, साखर घोळवून.

“रस्सा कशाचा गं, आल्विना?”

ताई, शुक्रवार आहे हे मला ठाऊक होतं. कांद्याच्या सुपात कांदा असतो हेही ठाऊक होतं. पण हात शनिवारच्या सवयीचे. त्यांनी खाटकाकडून गाईची हाडं आणली, उकळली, गाळली, आणि डोक्याला पत्ता लागू दिला नाही. मी म्हटलं, हाडांचा. सगळ्या हॉलमधले चमचे थांबले. अख्ख्या चर्चचा उपास मी एकटीनं मोडला होता, फादरांसकट. मला वाटलं, संपलं. आता मरेपर्यंत कागदी रुमाल.

फादरांनी हनुवटी पुसली आणि निवाडा दिला, की नकळत खाल्लं त्याचं पाप लागत नाही. पण आता कळलं, तेव्हा इथून पुढे नाही. कुकर अजून अर्धा भरलेला. कोणी हलेना. मग कोपऱ्यातून म्हातारे क्लेतुसकाका उठले, शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

“मला काही ऐकू आलं नाही. वाढ.”

मी वाढलं. त्यांच्यामागे ओर्व्हिल आला, त्यालाही म्हणे नीट ऐकू आलं नव्हतं. मग सगळ्या हॉललाच एकदम बहिरेपण आलं. कुकरचा तळ मी पावानं पुसला. पुढल्या वर्षीचा शेवटचा शुक्रवार माझा, असं अर्मेला स्वतःहून म्हणाली (भाज्यांच्या रश्श्यात, ही अट घालून).

तेव्हा उत्तर असं, की घर विकणार नाही. माझ्यासाठी ठेवलेली खोली कोणाला द्यायची त्याला दे. मला झेपतं.

तुझी हट्टी,
आल्विना

ता. क. अर्मेलानं कृती मागितली. चमच्याची युक्ती सांगितली नाही.

आणखी एक ता. क. वर लिहिलंय ते सगळं शुक्रवारचं. बाकीचे दिवस तसे नाहीत. मला माप जमत नाही गं. काल एकटीपुरतं सूप टाकलं आणि झालं आठ माणसांचं. फ्रीजरमध्ये आता जागा उरली नाही. भाऊजी गेल्यापासून इतकी वर्षं तू एकटीचं रांधतेस. एका माणसापुरतं कसं करतात ते मला शिकव. पत्रातून नको. ईस्टरला ये, आणि मला जमेपर्यंत राहा. मी किती मठ्ठ आहे ते तुला माहीत आहे. कपडे जास्त आण.