मऊ दाणा, कडक दाणा

१२ मार्च १९८१

दुपारी कुसुमताई आल्या आणि आल्या आल्या अंगणात एक लाल ताटली भिरकावली! ताटली नव्हे — तबकडी. डब्याच्या झाकणासारखी, कडा खाली वळलेल्या. गरगरत वर गेली, निंबाला वळसा घातला आणि भिंतीपलीकडे धाकट्या भाऊजींच्या अंगणात पडली.

कुसुमताई मुलींच्या शाळेत खेळ शिकवतात. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या. त्यांच्या बहिणीनं अमेरिकेहून पाठवली म्हणे ही.

तबकडी काही परत येईना. मग पलीकडून रुपराव भाऊजींचा आवाज — "वहिनी, भाऊले सांगा, आमच्या अंगणात पडलं ते आमचं."

हे माझ्या शेजारीच उभे. "सांग वं त्याले, पाहुणीचं हाय ते."

भिंत पुरुषभर उंच. पलीकडे खोकलं तरी इकडे कळतं. तरी मधे मी सांगायचं! वाटणी झाल्यापासून सहा वर्षं हेच. सख्खे भाऊ, एकमेकांशी शब्द नाही, भांडतात ते माझ्या तोंडानं. माझा घसा बसला की भांडण बंद.

संध्याकाळी तबकडी आली. भाऊजींनीच फेकली असणार. काय सुरेख तरंगत आली! यांनी झेलली. झेलल्यावर लाजले, आणि कोणी पाहिलं का ते पाहिलं. मी पाहिलं.

१४ मार्च

कुसुमताईंनी खेळ समजावून सांगितला. मैदानात दूरदूर खांब रोवायचे, प्रत्येकाला एक टोपली. तबकडी फेकत फेकत टोपलीत घालायची, मग पुढच्या खांबाकडे. कमीत कमी फेकीत जो सगळ्या टोपल्या संपवेल तो जिंकला.

हे म्हणाले, "म्हंजे झाकण डब्यापर्यंत न्यायचं. मग हातानंच नेऊन ठेवलं तर?"

कुसुमताई सरळ कामाच्या गोष्टीवर आल्या.

मे महिन्यात मुलींचं शिबिर आहे. सगळ्यांना पुरतील इतक्या तबकड्या हव्यात. अमेरिकेहून मागवणं परवडत नाही. "तुम्ही प्लास्टिकची झाकणं करायचात ना?"

करायचो! सासरे गेले आणि यांच्या मामांनी वाटणी केली. घर मधोमध. कारखान्याचं मशीन थोरल्याला, साचे धाकट्याला. "बराबर निम्मं!" म्हणाले मामा. सगळ्यांनी मामांची वाहवा केली. त्या दिवसापासून एक झाकण निघालं नाही. हे इतवारीत दुसऱ्याच्या दुकानात भांडी विकतात, भाऊजी गांधीबागेत दुसऱ्याचं कापड फाडतात. सकाळी हे मशीनला तेल देतात. तेव्हाच पलीकडे भाऊजी साचे पुसत असतात. चिंधीचा आवाज येतो. आमच्या घरात याला देवपूजा म्हणावं लागेल.

१९ मार्च

दोघंही "हो" म्हणाले. एकमेकांना नाही — मला.

२२ मार्च

साचा आला! भिंतीवरून. दोराला बांधून, पाळण्यातल्या मुलासारखा हळूहळू खाली. पाच नंबरच्या झाकणाचा साचा — तबकडी तशीच दिसते, जराही फरक नाही.

पण साच्याबरोबर भाऊजीही आले. म्हणजे आले नाहीत. थोरल्याच्या अंगणात पाय ठेवायचा नाही अशी शपथ आहे. म्हणून पोत्याची घडी करून भिंतीवर बसले, राखणीला. भिंत दोघांची, तिथं शपथ चालत नाही.

मी चहा केला. बशी भिंतीवर दिली. भाऊजी म्हणाले, "भाऊले सांगा, मशीन गरम होऊन राहिलं, घाई करू नका."

"सांग त्याले, मशीन कोनाचं हाय!"

पण मशीन सुरू झालं आणि तो जुना वितळल्या प्लास्टिकचा वास आला — तेव्हा भाऊजी भिंतीवरून खाली वाकून पाहू लागले. हे नाक पुसत होते. धुरानं असेल.

२९ मार्च

आता दाण्यावरून भांडण! प्लास्टिकचा दाणा दोन जातींचा — एक कडक, एक मऊ. यांचं म्हणणं कडकच. "टिकाऊपना पाहिजे! झाडावर आपटलं तर झाड फुटलं पाहिजे." भाऊजींचं म्हणणं मऊच. "वहिनी, पोरींच्या हातात बसलं पाहिजे का नाही? पकडच नसली तर टिकून काय करता?"

"सांग त्याले, पकड तर चिखलालेही असते!"

"सांगा त्याइले, टिकाऊ तर दगडही असते!"

शेवटी दोघांनी आपापली एकेक काढायची असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. दोघांना वाटतं दुसऱ्यानं मान्य केलं.

५ एप्रिल, पाडवा

आज यांच्या कडक तबकडीची परीक्षा. मुलींच्या डोक्याला तेल असतं, वेणीवरून हात फिरवला की हाताला लागतं. म्हणून मी तळव्याला खोबरेल लावलं आणि फेकली.

समोर निंब होता. तबकडी हातातून साबणासारखी निसटली आणि गेली मागे! भिंतीच्या वर भाऊजींची गुढी दिसत होती. टण्!! लोटा खाली.

पलीकडे हाहाकार. सणाचा दिवस! भाऊजी भिंतीवर चढले, हातात चेपलेला लोटा. "वहिनी, भाऊले इचारा, माह्या घराले काहून टपून बसले?"

आणि यांनी काय करावं? तबकडी मागवून घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि आनंदानं ओरडले, "पाह्य, पाह्य! लोटा चेपला, हिले ओरखडाबी नाही!"

पुरणपोळी दोन्ही घरांत थंड झाली.

९ एप्रिल

भाऊजींची मऊ तबकडी. पकड म्हणाल तर काय सांगू! तेल लावा, घाम येऊ द्या, हात सोडत नाही. बोटं आपोआप रुतून बसतात. पण निंबावर आपटली की कड दुमडते, आणि दहा-वीस आपटींनंतर तबकडी राहत नाही, द्रोण होतो.

मग टिनाच्या छपरावर उन्हात ठेवली. इथलं एप्रिलचं ऊन! तासाभरात वाकून पन्हाळीला चिकटली. हे काठीनं सोडवत होते आणि हसत होते, इतके की शिडीवरून पडता पडता राहिले. "सांग त्याले, पापड झाला म्हना!"

"भाऊले सांगा, सावलीत ठेवाची असते!"

"आन् पोरी का खाटेखाली खेळतीन?"

रात्री हे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "रुप्याचा हात लहानपनापासून मऊ. पन पकड चांगली काढली लेकाच्यानं."

भाऊजींना सांगू का तसं, म्हटलं. तर माझ्यावरच खेकसले.

१५ एप्रिल

नळावर पंचफुला भेटली. माझी जाऊ, भाऊजींची बायको. आम्ही दोघी रोज नळावर बोलतो. आमच्या सगळ्या मस्कासाथ वस्तीला माहीत आहे, फक्त या दोघांना नाही.

म्हणाली, "बाई, खिचडीत नुसते तांदूळ कोनी टाकते का? नुसती दाळ कोनी टाकते का?"

घागर भरून वाहत होती. मी विचारलं, साचा कधी सोडतेस?

१७ एप्रिल

दोघं आपापल्या कामावर गेले आणि पंचफुलानं साचा दोरानं सोडला. तिला अंगणात न उतरायची शपथ नाही, पण ती उतरली नाही. म्हणाली, इथून वारा लागते.

मऊ दोन ओंजळी, कडक एक. पहिली बरी झाली, पण पाठ गुळगुळीत. तेलाच्या हातातून जराशी सटकतेच. पंचफुला ज्या पोत्यावर बसली होती त्याकडे माझं लक्ष गेलं. त्याचा गोल तुकडा कापला, साच्यात ठेवला आणि वर दाब दिला. पोतं चिकटलं! कात्रीनं, नखांनी सोलत बसलो. दुसऱ्या वेळी पोत्याला आधी तेल चोपडलं. सुटलं! आणि तबकडीवर पोत्याची वीण जशीच्या तशी उमटली — खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी.

तेलाच्या हातानं फेकली. सुटली तीही मी सोडली तेव्हाच. निंबावर आपटली. छपरावर ठेवली. संध्याकाळी होती तशी.

मला कोणी काही सांगायला सांगितलं नव्हतं. आजचं सगळं माझं होतं. भाजी करपली, तरी वाईट वाटलं नाही.

२६ एप्रिल

शाळेच्या मैदानावर परीक्षा. कुसुमताईंनी तिन्ही तबकड्या मुलींना दिल्या, कोणाची कुठली न सांगता. दोघं भाऊ मैदानाच्या दोन टोकांना उभे. उन्हात! सावलीचं झाड एकच होतं म्हणून.

कडक निसटत होती. मऊ दुपारपर्यंत दुमडली. मुली भांडू लागल्या ते तिसरीसाठी. "मला खरखरीत द्या, बाई!"

हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाह्यलं? रुप्यानं चोरून केली. हुशार हाय बेटा." डोळे भरले होते. थोड्या वेळानं भाऊजी आले. "वहिनी, भाऊनं केली ना? मले माहीतच होतं. भाऊचाच हात."

गोष्ट तिथंच थांबली असती. दोघांना दोघांचा अभिमान वाटत होता, सहा वर्षांत पहिल्यांदा! मी तोंड उघडणार नव्हते.

पण कुसुमताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं — "ही प्रेमिला आणि पंचफुलानं केली. शिबिराच्या सगळ्या तबकड्या अशाच हव्यात."

भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं. सरळ.

"भाऊ, आयकलं का गा?"

"आयकलं."

"माह्या साच्यात!"

"माह्या मशीनवर!"

आणि दोघं एकाच रिक्षात बसून निघून गेले. आम्ही दोघी उन्हात उभ्या.

२७ एप्रिल

दोघं भिंतीवर शेजारी शेजारी बसून आहेत. बोलताहेत! लहानपणच्या पतंगांचं, सासऱ्यांच्या बोलण्याचं, मामांच्या मूर्खपणाचं. हसतात काय, टाळ्या काय! मी चहा दिला तर दोघांनीही बशी घेतली नाही.

माझ्याशी हे बोलत नाहीत. पंचफुलाशी भाऊजी बोलत नाहीत.

इतकी वर्षं देवाला मागितलं की हे दोघं बोलू देत. आता घरात माझ्या तोंडाला काही काम नाही. कशी गंमत — चुकल्या चुकल्यासारखं होतंय.

३० एप्रिल

शेवटी आज बोलले. भाऊजींना! मला ऐकू जाईल असं. "रुपराव, सांग तुह्या वहिनीले, भाजीत मीठ जास्त हाय."

मी म्हटलं, "भाऊजी, सांगा त्यांना — हातानं करून घ्या."

२ मे

सकाळी यांनी गादी गुंडाळली आणि भिंतीवरून भावाकडे राहायला निघाले. मशीन उचलायला पाहिलं, हललं नाही. भाऊजींनी वरून हात दिला, दोघं पलीकडे दिसेनासे झाले. घटकाभरानं पंचफुला डोक्यावर साच्यांचं गाठोडं घेऊन माझ्याकडे राहायला आली — रस्त्यानं, समोरच्या दारातून.