गाडीपुढचं जाळं

निकेश,

मी पहिल्या एसटीनं धानोऱ्याले चालली, पोरांची शाळा आहे. तुले उठवलं नाई. तेरवीनंतर आज पहिल्यांदा घोरताना ऐकलं, तेही बाबांसारखंच बेसूर.

काल तू नुसता पडून होतास तेव्हा तुझी गाडी काढली. आधी रेडिएटर पाण्यानं काठोकाठ भरला, तरी मूलच्या फाट्यावर गाडी तापून काटा लालवर गेला. म्हणजे बाबांले नेताना त्या दिवशीही गाडी पाण्यावाचून तापली नव्हती. इंजिन थंड झाल्यावर समोरून पाहिलं. कचरा अडवायला बांधलेलं मासोळीचं जाळं राइस मिलच्या कोंड्यानं गच्च भरलेलं. आत वाराच जात नव्हता. जाळं कापलं, रेडिएटर धुतला. परत येताना काटा मध्यावरच राह्यला.

गाडी बंद पडून बाबा दवाखान्याच्या वाटेवरच गेले, ते तू पाणी पाहायचं विसरलास म्हणून नाई. पाहुण्यांपुढं ‘मीच मारलं’ म्हणणं बंद कर. डब्यात भात आहे, जेव. गाडी चालव.

जाळं मी सोबत नेऊन राह्यली. तुझी नवी गाडी आली तेव्हा आईनं हौसेनं विणलं होतं. तिनं विचारलं तर ताईनं कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मागून नेलं, एवढंच सांग.

— ताई