चोरून पाजलेली गुळवेल

अक्का,
तुमी नारायणगडाला दर्शनाला गेल्यावर तुमचे भाऊ अंगणात धाडकन पडले. अंग घामानं थबथबलं होतं. त्यांना दवाखान्यात ठेवलंय. मी कपडे न्यायला आलते.

डॉक्टरनं इचारलं, "साखरेच्या गोळीबरोबर आणखी काय घेतात?" मी काईच न्हाई म्हणाले. शुद्धीवर आल्यावर तुमचे भाऊच बोलले, "अक्का रोज गुळवेलीचा काढा देती. तुला सांगू नको म्हणली."

दोन्हीनं मिळून साखर पार खाली गेली, असं डॉक्टर म्हणतात. मायेनं दिला आसंल, पण मला चोरून कावून?

तुमची पिशवी भरून दारात ठेवलीय. वाटंसाठी भाकरी बांधलीय. आमी घरी यायच्या आत तुमच्या घरी, पाटोद्याची गाडी धरा.

संगीता