एकोणचाळीस मेंढरं

प्रिय ताई,

तुला जाऊन आठ महिने झाले. आज लिहितेय, कारण माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तुझ्याशिवाय कुणी नाही गं. येत्या सोमवारी तुझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला जातेय, आणि तीत तुझ्या नायिकेची, गिरजाची, मेंढरं एकोणचाळीसची चाळीस होणार!

तुझ्या चाहत्यांनी इंटरनेटवर, कुणालाही बदलता येईल अशा एका पानावर, पुस्तकाची बारीकसारीक माहिती गोळा केलीय. प्रेमानंच केलीय. तुझ्या गोष्टीतल्या, आभाळातल्या चांदण्या चरणाऱ्या एकेका मेंढराचं नाव शोधून यादी केली, ती चाळीस भरली. गिरजा मात्र विचारेल त्याला एकोणचाळीसच सांगते. झालं! ‘लेखिकेच्या चुका’ म्हणून पहिली हीच टाकली, आणि प्रकाशकांनी ती तिथूनच उचलली.

डेअरीत कामावर असले की जेवणाच्या सुट्टीत मी त्या पानावरची ती ‘चूक’ काढून टाकते. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती परत टाकतं. सहा वेळा झालं. म्हणे, पुरावा द्या. मी सख्खी बहीण आहे, हा पुरावा नाही?

हस्तलिखित वाचून मीच तुला हसले होते, आठवतं? ‘इंदापूरच्या शाळेत गणित शिकवतीस आन् मेंढरं मोजता येत न्हाईत?’ तू म्हणालीस, ‘येडे, कळपाचा पुरा आकडा सांगतं व्हय कुणी? नजर लागंल की तिच्या मेंढरांना.’ एवढं एक वाक्य प्रस्तावनेत लिहायला काय झालं होतं? मला एकटीला सांगून निघून गेलीस. राग येतो तुझा, फार राग येतो!

शेवटी रविवारी मोरगावला गेले. आबांसमोर मोबाइल धरून विचारलं, आपला कळप होता तेव्हा एक मेंढरू कमी का सांगायचात? आबा म्हणाले, ‘जित्त्या जिवांचा पुरा आकडा तोंडातनं काढू न्हाय.’ तो व्हिडिओ टाकला. उत्तर आलं, घरच्यांचं बोलणं चालत नाही, छापील संदर्भ हवा. कुठून आणू?

आबा मला एसटीत बसवायला आले. स्टँडवर एका म्हातारीनं सहज विचारलं, ‘लेकरं किती तुमाला?’ जन्मभर ‘एक पोरगी हाय’ म्हणणारे आबा आपले. आपण दोघी रुसायचो त्यावरून.

‘दोन लेकी,’ आबा म्हणाले.

पुरा आकडा, ताई! मी मागं वळून न बघता एसटीत चढले.

सोमवारी प्रेस उघडायच्या आधी मी दारात असेन. हाकललं तरी हलणार नाही. गिरजाचं एक मेंढरू मी लपवूनच ठेवीन, शब्द देते.

तुझीच,
धाकटी