सुलूच्या मनगटावरचं अत्तर

मिरज, १२ जानेवारी १९७४

डॉक्टर म्हणाले, आता काही इलाज उरला नाही, उद्या बायकोला घरी न्या. सुलूला अत्तराची भारी हौस. म्हणून बाजारात गेलो. अत्तरवाल्यानं माझ्या हातावर केवडा, मोगरा, हिना लावून दाखवलं. "अंगाच्या उबेनं वास खुलतो," म्हणाला. हिना घेतली.

दवाखान्यात येऊन तिच्या मनगटावर लावली. माझ्या हाताला केवढी दरवळत होती! तिच्या गार मनगटाला नुसता तेलाचा वास. पुन्हा चोळून लावली. तरी तेच. इतकं गार पडलंय अंग? मला आधी कसं कळलं नाही?

"आवं, येतोय का वास? मला काय कळंना."

"लय येतोय," मी म्हणालो.

ती हसली. "मग उद्या निघताना बी लावा. पोरं गळ्यात पडत्यात. त्यास्नी दवाखान्याचा वास नगं."